पाणी मागितलं की नातं जडतं

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात आम्ही उभयतांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून, बोललो तसाच, थोडा नीटनेटका करून देत आहोत.)



समितीनं आम्हाला बोलायला सांगितलं तेव्हा विषयही देऊन टाकला. म्हणाले, "तुम्ही कॅथलिक. रविवारी मिस्साला जाता, घरात येशूची तसबीर आहे, संध्याकाळी जपमाळ म्हणता. आणि तरी आमच्यात घरच्यासारखे वावरता. हे नातं तुमच्या धर्मात कसं बसतं आणि रोजच्या जगण्यात तुम्ही ते कसं पाळता, तेवढं सांगा." आम्ही काही विद्वान नाही. एकानं आयुष्यभर लोणी स्टेशनजवळच्या तेलाच्या डेपोत नोकरी केली, दुसरीनं बालवाडी सांभाळली. तेव्हा ग्रंथातलं थोडं आणि अनुभवातलं जास्त, असं बोलणार आहोत. गोड मानून घ्यावं.

सुरुवात रक्ताच्या नात्यापासून करतो. आम्ही मूळचे श्रीरामपूरकडचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. त्या भागात एक गोष्ट घरोघर दिसते. एकाच पणजोबांची दोन नातवंडं, एक ख्रिस्ती आणि एक बौद्ध. एका शाखेनं फादरांच्या शाळेच्या आधारानं बाप्तिस्मा घेतला, दुसऱ्या शाखेनं १४ ऑक्टोबर १९५६ नंतर बाबासाहेबांच्या मागोमाग धम्माची दीक्षा घेतली. आडनाव एक, वाडा एक, मधली भिंत एक. एका बाजूला नाताळचा तारा, दुसऱ्या बाजूला पंचरंगी ध्वज. गावानं मात्र दोन्ही बाजूंना एकाच नजरेनं पाहिलं. विहिरीवरून हाकलताना कुणी विचारलं नाही, की बाबा, तू चर्चला जातोस का विहारात.

गावानं ज्यांना एकत्र हाकललं त्यांना पुढे कागदानं वेगळं केलं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदू धर्म मानणाऱ्यांपुरत्या ठेवल्या गेल्या. १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्धांना त्यासाठी १९९० पर्यंत थांबावं लागलं. चौतीस वर्षं तुमच्या वडीलधाऱ्यांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली, ते तुम्हाला आम्ही काय सांगावं! ख्रिस्ती झालेल्या दलितांना ते दार उघडलेलं नाही. महाराष्ट्रात त्यांना इतर मागासवर्गात धरतात. यातून एक वाईट गोष्ट अशी झाली, की पुष्कळ ख्रिस्ती घरांत पूर्वीची जात हा न बोलण्याचा विषय झाला. जात बोलायची नाही म्हटल्यावर चुलतभाऊही बोलायचा नाही. म्हणून विहारात येऊन "आपण भाऊभाऊ" म्हणणं सोपं असलं, तरी त्यापूर्वी आपण कोणत्या वाड्यातून आलो ते उघड सांगणं हे आम्ही पहिलं कर्तव्य मानतो. आपलं मूळ लपवणाऱ्याचं भावाशी असलेलं नातंही लपूनच राहतं.

आता आमच्या धर्मात नात्याचा विचार काय आहे ते थोडक्यात सांगतो. मूल चर्चमध्ये बाप्तिस्म्यासाठी नेतात तेव्हा आईबापांबरोबर एक धर्मपिता आणि एक धर्ममाता उभे राहतात. ते रक्ताचे असतील किंवा नसतील. पण त्या दिवसापासून त्या लेकराच्या चांगल्या चालीची जबाबदारी त्यांच्यावर येते. याला आमच्याकडे आध्यात्मिक नातं म्हणतात आणि हे नातं इतकं खरं धरलेलं होतं, की १९१७ च्या धर्मनियमांत धर्ममाता-धर्मपिता आणि ते मूल यांच्यात लग्नसंबंध होऊ शकत नसे. १९८३ च्या नव्या नियमांत ती अट राहिली नाही. पण त्यामागचा विचार पाहा. पाण्यानं जोडलेलं नातं रक्ताच्या तोलाचं मानलेलं आहे.

नियमाप्रमाणे धर्ममाता कॅथलिकच लागते. आमच्या मुलीच्या वेळीही चर्चच्या नोंदवहीत आमच्या एका कॅथलिक मैत्रिणीचं नाव लागलं. ती भली बाई, पण तिची बदली झाली, लांब गेली. मग मुलीला ताप आला की रात्री उशाशी बसणाऱ्या, तिच्या शाळेच्या पहिल्या दिवशी तिचं बोट धरणाऱ्या, आणि पुढे "शिकल्याशिवाय लग्नाचं नाव काढायचं नाही" असं आम्हालाच दरडावणाऱ्या कोण? तर समोरच्या घरातल्या आक्का. त्या इथे दुसऱ्या ओळीत बसल्या आहेत आणि आता पदर तोंडाला लावून हसताहेत. त्यांचं नाव आमच्या कुठल्याही वहीत नाही. पण धर्ममातेचं काम कुणी केलं, असं आम्हाला कुणी विचारलं तर आमच्यापुढे दुसरं उत्तर नाही.

बंधुभगिनींनो, इथे एक कठीण प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. ख्रिस्ती लोक सेवा पुष्कळ करतात. शाळा काढल्या, दवाखाने काढले, कुष्ठरोग्यांच्या जखमा धुतल्या. इथल्या ज्येष्ठांपैकी काही जण मिशनच्या शाळेत शिकले असतील. पण सेवेनं नातं जडतंच असं आहे का? बाबासाहेबांनी ख्रिस्ती मिशनच्या कामावर आणि धर्मांतरित ख्रिस्ती समाजाच्या स्थितीवर निबंध लिहिले. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात ते छापलेले आहेत. त्यांनी मिशनऱ्यांच्या शिक्षणाच्या आणि औषधोपचाराच्या कामाचं मोल नाकारलं नाही. मात्र दोन गोष्टींवर नेमकं बोट ठेवलं. एक, धर्म बदलला तरी जात चर्चच्या आत आलीच. दुसरी, अन्यायाविरुद्ध उभं राहण्याचं काम मिशननं अंगावर घेतलं नाही. आमच्या माणसांनी ते निबंध वाचले पाहिजेत. टीका कडू लागते, पण औषध कडूच असतं.

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. आमच्या साध्या बुद्धीला उत्तर सापडलं ते असं. देणारा हात नेहमी वरच राहतो. जो फक्त देतो आणि कधी मागत नाही, त्याचे उपकार होतात, नातं होत नाही. "मला तुझ्याकडून हवंय" असं म्हटलं की नातं सुरू होतं. आणि हे आम्हाला दोन विहिरींनी शिकवलं.

पहिली विहीर बायबलातली. येशू पायी प्रवास करून थकलेला, दुपारची वेळ, शोमरोन प्रांतातल्या एका विहिरीवर एकटा बसलेला. तिथे एक शोमरोनी स्त्री घागर घेऊन आली. यहुदी लोक शोमरोनी लोकांना भ्रष्ट समजत, त्यांच्या भांड्याला शिवत नसत. येशूनं तिला उपदेश नंतर केला. आधी काय केलं? पाणी मागितलं. ती बाई चकित झाली, की यहुदी असून हा माझ्या हातचं पाणी मागतो? त्याचे शिष्य गावातून परतले तेही चकित झाले.

दुसरी विहीर तुमच्या परंपरेतली, दिव्यावदानातली. भगवान बुद्धांचे शिष्य आनंद तहानलेले होते. विहिरीवर एक मुलगी पाणी भरत होती, तिचं नाव प्रकृती. आनंदांनी पाणी मागितलं. ती म्हणाली, की मी चांडाळाची मुलगी आहे. आनंदांचं उत्तर लहान मुलांनाही पाठ असावं असं आहे, की बहिणी, मी तुझी जात विचारली नाही, पाणी विचारलं. पुढे ती मुलगी संघात आली, भिक्खुणी झाली.

दोन देश, दोन काळ, दोन धर्म. पण दोन्हीकडे मोठा माणूस लहान मानलेल्या स्त्रीपुढे हात पुढे करून उभा आहे. आणि आपल्या महाराष्ट्रात तिसरं पाणी आहे, २० मार्च १९२७ चं महाडच्या चवदार तळ्याचं. तिथे मागणं नव्हतं, हक्क होता, आणि तो हक्कच होता हे ठामपणे सांगायला हवं. पण तिन्ही ठिकाणी कसोटी एकच लागली, ती म्हणजे पाणी. कोण कुणाच्या हातचं पितो, त्यावरून माणसं एकमेकांची कोण ते ठरतं.

आम्ही लोणीला राहायला आलो त्या उन्हाळ्यात आमच्या खोलीला नळ नव्हता. टँकर येई तो वेळेवर येत नसे. पहिल्याच दिवशी आम्ही कळशी घेऊन समोरच्या दारात गेलो. आक्का दारात उभ्या राहिल्या आणि कळशी हातात घेण्याआधी म्हणाल्या, "पोरी, आम्ही जयभीमवाले. तुम्हाला चालतं का आमच्या हातचं?" त्या प्रश्नात किती वर्षांची ठेच होती, ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आमचं उत्तर एवढंच होतं, की "आक्का, नुसतं चालत नाही, रोज लागणार आहे." त्या हसल्या आणि कळशी भरून, वर एक तांब्या प्यायला दिला. त्या उन्हाळ्यात आम्ही दिलं काहीच नाही, घेतलं फक्त. आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

तेव्हा रोजच्या जगण्यात हे नातं कसं पाळायचं याचं आमचं पहिलं सूत्र हेच आहे. मागावं. वाटीभर साखर मागावी, मुलांच्या अभ्यासाला मदत मागावी, आजारपणात रात्रीची सोबत मागावी. आणि धर्माच्या बाबतीतही मागावं, म्हणजे शिकावं. आपल्या या विहारातून आम्ही काय काय नेलं, ते सांगितलं तर यादी लांब होईल. एक-दोन सांगतो. पंचशीलातलं पाचवं शील, मद्यपानापासून दूर राहण्याचं. आमच्या दहा आज्ञांत ते इतकं स्पष्ट नाही, आणि आमच्या लग्नांत काय चालतं ते तुम्ही पाहिलेलं आहे! आमच्या घरात ते शील तुमच्याकडून आलं आणि मुलाच्या लग्नात पाळलं गेलं. दुसरं, मैत्रीभावना. शत्रूवर प्रेम करा असं येशूनं सांगितलं, पण शांत बसून, मनात एकेक माणूस आणून, आधी स्वतःचं, मग जवळच्याचं, मग न आवडणाऱ्याचं भलं चिंतायचं, ही पद्धत आम्हाला भन्तेजींनी शिकवली. आता रात्रीच्या प्रार्थनेआधी पाच मिनिटं आम्ही तसं बसतो. त्यामुळे आम्ही कमी कॅथलिक झालो असं आम्हाला वाटत नाही. उलट प्रार्थनेत मन ठरतं.

आमच्या चर्चनंही याला मोकळीक दिली आहे. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं इतर धर्मांविषयी एक घोषणापत्र काढलं. त्यात बौद्ध धर्माचा नावानं उल्लेख आहे आणि इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असा त्याचा आशय आहे. १९९० च्या दशकापासून व्हॅटिकनमधून दरवर्षी बुद्धपौर्णिमेला जगातल्या बौद्धांसाठी शुभेच्छा-संदेश निघतो. पण खरी गंमत त्याहून जुनी आहे. कॅथलिक संतांच्या जुन्या यादीत २७ नोव्हेंबरला जोसाफत नावाचा एक संत आहे. हिंदुस्थानातला राजपुत्र, बापानं दुःख दिसू नये म्हणून महालात कोंडलेला, तरी रोग, म्हातारपण आणि मरण पाहून राज्य सोडून गेलेला. ओळखीची वाटते ना कथा? अभ्यासकांनी दाखवून दिलं, की 'बोधिसत्त्व' हा शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाता जाता 'जोसाफत' झाला. म्हणजे युरोपातले ख्रिस्ती लोक शेकडो वर्षं भगवान बुद्धांच्या चरित्राला नकळत हात जोडत होते! नकळत जे घेतलं, ते आता जाणून, नाव घेऊन घ्यावं, एवढंच आमचं म्हणणं आहे.

पण घ्यायचं म्हणजे सगळं कालवून एक करायचं, असं नाही. हे दुसरं सूत्र. विहारात त्रिशरण होतं तेव्हा आम्ही हात जोडून उभे राहतो, पण शरणाचे शब्द म्हणत नाही, कारण आमचं शरण दुसरीकडे आहे आणि खोटं शरण हा तुमचाही अपमान ठरेल. पंचशील मात्र पूर्ण मनानं म्हणतो. तुम्ही नाताळच्या मिस्साला येता, शेवटच्या बाकावर बसता, ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत येत नाही, आणि त्याबद्दल आमच्या मनात काही येत नाही. आम्ही निर्माता ईश्वर मानतो, तथागतांनी तो मानायला सांगितला नाही. हा फरक मोठा आहे आणि तो राहणार. आक्कांचे मोठे चिरंजीव आणि आम्ही यावर कित्येक रात्री ओट्यावर वाद घातलेत. कुणी हरलं नाही, चहा मात्र बराच संपला. ज्याच्याशी मोकळेपणानं वाद घालता येतो तो जवळचा. आणि एक गोष्ट स्वच्छ सांगतो, मनात कुणाला ओढून नेण्याचा हेतू ठेवून केलेली मैत्री ही मैत्री नसते, तो गळ असतो.

तिसरं सूत्र मरणाचं आहे. आमचे वडील वारले तेव्हा खांदा द्यायला चारांपैकी तीन जण या वस्तीतले होते. दफनभूमीत फादरांनी कबरीवर पवित्र पाणी शिंपडलं आणि तुमच्या माणसांनी आमच्याबरोबर मूठमूठ माती टाकली. पुढे आक्कांचे यजमान गेले. जलदान विधीच्या वेळी भन्तेजींच्या परित्राणपाठात पाण्याचं भांडं भरत होतं, मुलं-सुना भांड्याला हात लावून बसल्या होत्या, तेव्हा आक्कांनी मागे वळून आम्हाला हात केला, की या, तुम्हीपण लावा. पुन्हा पाणीच! त्या दिवशी पांढऱ्या कपड्यांत बसलेल्या त्या घरात आमची जागा कुठे आहे, हे कुणी बोलून दाखवायची गरज राहिली नाही.

चौथं सूत्र अवघड आहे. नातं घरापुरतं ठेवलं तर ते अपुरं. बाहेर अन्याय होतो तेव्हा ते कुठे जातं? आमच्या मुलखात हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची मोठी यात्रा भरते. ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ लोक मेणबत्त्या घेऊन येतात. त्याच हरेगावात ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून दलित मुलांना झाडाला उलटं टांगून मारलं गेलं. मेणबत्ती आणि ते झाड एकाच गावात. ज्याला मेणबत्ती दिसते त्याला ते झाडही दिसलं पाहिजे. नाहीतर आमची भक्ती आंधळी ठरेल.

इथे दोन माणसांची आठवण काढतो. गी पॉयटवाँ हे मूळचे फ्रान्सचे, कॅथलिक धर्मशास्त्र शिकलेले. १९७२ मध्ये पुण्याला आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि २००४ मध्ये इथेच वारले. या विद्वानानं खेड्यापाड्यांत जाऊन काय केलं? शिकवलं नाही, ऐकलं. हेमा राईरकर आणि गावोगावच्या कार्यकर्त्या बायका यांच्या साथीनं जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या, गायलेल्या ओव्याही आहेत. ज्या बाईला शाळेनं कधी विचारलं नाही, तिच्या दारात जाऊन "माय, तुझ्याकडं काय आहे ते दे" असं म्हणणारा माणूस आम्हाला त्या विहिरीवरच्या येशूची आठवण करून देतो.

दुसरे फादर स्टॅन स्वामी, येशूसंघी धर्मगुरू. झारखंडच्या आदिवासींमध्ये आयुष्य घालवलं. कोरेगाव भीमा आणि एल्गार परिषदेच्या प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना अटक झाली आणि तळोजा तुरुंगात ठेवलं. आरोप त्यांनी नाकारले होते आणि खटला उभा राहण्याआधीच ५ जुलै २०२१ रोजी, ८४ व्या वर्षी, मुंबईत त्यांचं निधन झालं. कंपवातानं हात इतके थरथरत, की साधा पेला धरता येत नसे. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. तुरुंगातून त्यांनी लिहिलेल्या पत्रात आहे, की सोबतचे कैदी त्यांना भरवतात, अंघोळ घालतात, कपडे धुतात, गुडघे चेपून देतात. आणि त्यांतले काही अगदी गरीब घरांतले आहेत. जन्मभर दुसऱ्यांना देणारा धर्मगुरू शेवटी त्यांच्या हातचं पाणी प्याला. ज्या प्रकरणात ते आत गेले, ते तुमच्या विजयस्तंभाच्या नावानं ओळखलं जातं. त्यांच्या राजकारणाबद्दल कुणाचं काही मत असो. आम्ही इतकंच म्हणतो, की त्या कोठडीत जे होतं त्याला आमच्या धर्मात आध्यात्मिक नातं म्हणतात आणि तुमच्या धम्मात मैत्री आणि करुणा.

आता थोडं पुढचं बोलतो आणि थांबतो. आपल्या दोन्ही समाजांची पंचांगं शेजारी ठेवून पाहा. २५ डिसेंबर हा आमचा नाताळ. त्याच दिवशी १९२७ साली महाडला मनुस्मृतीचं दहन झालं आणि त्याच दिवशी १९५४ साली बाबासाहेबांनी देहूरोडला भगवान बुद्धांच्या मूर्तीची स्थापना केली. १ जानेवारीला तुम्ही कोरेगाव भीमाला मानवंदना द्यायला जाता आणि १९६८ पासून कॅथलिक चर्च तो दिवस जागतिक शांतिदिन म्हणून पाळतं. तेव्हा आमची सूचना अशी आहे. २५ डिसेंबरला सकाळी आमची मुलं तुमच्या मुलांबरोबर देहूरोडला यावीत, आणि संध्याकाळी तुमची मुलं आमच्याकडे फराळाला यावीत. १ जानेवारीला स्तंभाकडे जाणाऱ्यांसाठी पाण्याची सोय करायची असेल, तर पिंपं भरायला आम्हाला हाक मारा. तुकोबांची पालखी पंढरीला जाताना लोणीला मुक्काम करते तेव्हा अख्खं गाव वारकऱ्यांना पाणी पाजतं. या गावाला पाणी द्यायची सवय जुनी आहे. आता एकमेकांकडे मागायचीही सवय लागू द्या.

आणि मुलांनो, तुम्हाला एक काम. आज घरी गेल्यावर शेजारच्या, पण आपल्या धर्माच्या नसलेल्या एका घरी जा. काही द्यायला जाऊ नका. "काकू, तहान लागलीय, पाणी देता?" एवढंच म्हणा. पाणी पिऊन झालं की त्या घरातल्या आजीला विचारा, की तुमच्या लहानपणी पाणी कुठून भरत होता. ती जे सांगेल ते वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वर्धापनदिनाला इथे वाचून दाखवा. स्मरणिकेची पानं त्यानं भरली, तर आमच्यासारख्यांच्या भाषणापेक्षा ती जास्त मोलाची होतील.

 तुमचं ऋण फेडायची आमची तयारी नाही, ते तसंच राहू द्या, कारण ऋण असलं की येणं-जाणं राहतं. सर्वांचं मंगल होवो.

जय भीम! नमो बुद्धाय! जय ख्रिस्त!